डोळ्यातले फूल

ह्या दिवाळी अंकासाठी बुरशीवर लेख लिहितो आहे असे घरात सांगितले, तेव्हा आमच्या मंडळींनी प्रथम फळीवरचे फराळाचे डबे उघडून पाहिले. चिवडा सुखरूप आहे अशी खात्री पटल्यावर प्रश्न आला, "सणासुदीला दुसरा विषय मिळाला नाही का?" प्रश्न रास्त होता. माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराकडून वाचकांनी कथेचीच अपेक्षा करावी. परंतु आमच्या डहाणू-तलासरीच्या बाजूला दिवाळी आणि भातकापणी एकाच पावली घरात येतात. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास विळ्याखाली जाते, गरवे दिवाळी ओलांडते. आणि मधल्या त्या चारसहा आठवड्यांत दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या डोळ्याला भाताचे पान लागते. अंगणात पणत्या लागल्या की मला माझ्या आजीचा डोळा आठवतो, तो ह्यामुळे.

आजीच्या डाव्या डोळ्यात फूल पडले होते. बुबुळाच्या मधोमध दुधी काचेच्या तुकड्यासारखा पांढरा डाग. त्या बाजूने कुणी आले तर तिला आवाजावरून ओळखावे लागे. मी सहासात वर्षांचा असताना तिला विचारले होते, "आजी, हे कुठल्या झाडाचं फूल गं?" ती म्हणाली, "भाताचं, बाळा." मी ते थट्टेवारी नेले. पुढे मोठेपणी तिने सारी हकीकत सांगितली. कापणीत पानाची कड डोळ्याला लागली. पहिल्या दिवशी शेजारणीने अंगावरच्या दुधाचे दोन थेंब घातले, मग एरंडेल झाले, मग एका जाणत्याने कसल्याशा पाल्याचा रस पिळला. तीन आठवडे डोळा ठणकत राहिला. देवदिवाळीच्या सुमारास ठणका थांबला, तेव्हा दिसणेही थांबले होते. एखाद्या वर्षी पाऊस फार झाला हे जसे सांगावे, तशा सुरात ती हे सांगे.

तिच्या उत्तरातला खरेपणा कळायला मला फार वर्षे लागली. अलीकडे एकदा दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, आणि माझ्या वर्गातली तलासरीकडची एक मुलगी चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी तिचे वडीलच तिला घेऊन आले. उजव्या डोळ्यावर फडके बांधलेले होते.

"गुरुजी, झोडणीत डोळ्यात कुसळ गेलं."

"मग दवाखान्यात गेला नाहीत, दादा?"

"दुकानातनं थेंब आणले. दोन दिवस बरं वाटलं. आता बघवत नाही."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना एस.टी.त घालून सरहद्दीपलीकडच्या एका डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नेले. (तलासरीला गुजरात जवळ आणि मुंबई लांब. दुखण्याने हैराण झालेला माणूस राज्याची सीमा पाहत बसत नाही.) तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी थेंबांची बाटली मागितली, ती उजेडात धरून वाचली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने सूज उतरते, लाली जाते, आणि रोग्याला वाटते की आपण बरे होत आहोत. वस्तुतः ती सूज म्हणजे शरीराची पाहऱ्यावरची माणसे. त्यांनाच औषधाने झोपविले की आत शिरलेल्या चोराला सारे घर मोकळे. बाईंनी डोळा बधिर करून जखम किंचित खरवडली, ते खरवडण काचेवर घेऊन त्यावर पोटॅशचा थेंब सोडला आणि मी मास्तर आहे हे कळल्यामुळे की काय, मलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. फांद्या फुटलेल्या नाजूक, काचेसारख्या दोऱ्या! एखाद्या रोपट्याची मुळे मातीतून उपटून धुऊन ठेवावीत तशा.

काही दिवसांनी बुरशी वाढवून पाहिल्याचा निकाल आला : फ्युजेरियम. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे तुरीला मर लागते ना? त्याच घराण्यातली ही."

म्हणजे आजी बरोबर होती. डोळ्यातले ते फूल शेतातूनच आले होते.

तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला. माझा शास्त्राशी संबंध मॅट्रिकच्या क्रमिक पुस्तकापुरता. परंतु वाचनालयाच्या पायऱ्या झिजविण्याची सवय जुनी आहे. मला पहिला प्रश्न पडला तो असा, की जी बुरशी झाड मारते ती माणसाला एरवी का मारीत नाही? आपण रोज तिच्यातून चालतो, तिचे बीजाणू श्वासाबरोबर आत घेतो. ह्याचे एक उत्तर आपल्या अंगातल्या उबेत आहे. पिकांवरच्या बहुतेक बुरश्यांना आपल्या रक्ताची ३७ अंशांची ऊब सोसत नाही, आणि सोसली तरी रक्तातले पहारेकरी त्यांना जगू देत नाहीत. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा मात्र ह्याला अपवाद आहे. तो वाऱ्याला उघडा, म्हणून अंगापेक्षा थंड. आणि आरपार दिसावे म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिनी ठेवलेलीच नाही. ज्या गुणामुळे आपण जग पाहतो तोच गुण तिथे पहारा ढिला करतो. त्यावर ओरखडा उठला, आणि ओरखडा उठविणाऱ्या पानावरच बीजाणू बसलेले असले, की पेरणी झालीच म्हणायची.

दुसरा प्रश्न इतिहासाचा. पिकाचा रोग आणि माणसाचा रोग ह्यांत अशी सोयरीक असताना, आमच्या तालुक्यात शेतकी खात्याचा माणूस डोळ्याविषयी बोलत नाही आणि दवाखान्यातला माणूस भाताविषयी बोलत नाही, हे कधीपासून? प्रारंभी तर असे नव्हते. सूक्ष्म जीवांमुळे रोग होतो हे मानवजातीला प्रथम बुरशीनेच शिकविले, तेही जंतूंच्या पुष्कळ आधी. १८०७ साली फ्रान्समध्ये प्रेव्हो ह्याने गव्हाची काणी बुरशीमुळे होते हे दाखविले. १८३५ साली इटलीत आगोस्तिनो बास्सी ह्याने रेशमाच्या किड्यांचा रोग बुरशीचा असल्याचे सिद्ध केले. हा बास्सी डोळ्यांनी इतका अधू होता की त्यापायी त्याला सरकारी नोकरी सोडावी लागली; जगाला सूक्ष्म दृष्टी देणारा माणूस स्वतः जवळजवळ आंधळा झाला. त्याचे काम वाचून १८३९ साली शोनलाइन ह्या जर्मन वैद्याने माणसाच्या डोक्यातले खवडे तपासले, आणि तिथेही बुरशीच निघाली. गहू, किडा, माणूस अशी ही वाट सरळ चालली होती.

ह्या वाटेवरचा पुढचा मोठा मुक्काम आपल्या मुंबईत पडला. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. 'ग्रेज ॲनाटॉमी' ह्या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे ह्याच्या हातची. ते पुस्तक १८५८ मध्ये लंडनला निघाले तेव्हा चित्रकार मुंबईच्या वाटेला लागला होता. इथे ग्रँट मेडिकल कॉलेजात तो शरीररचना शिकवू लागला. तिथे त्याच्यापुढे अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांचे पाय आले. सुजून बेढब झालेले, ठिकठिकाणी छिद्रे पडलेले, आणि त्या छिद्रांतून खसखशीसारखे काळे दाणे बाहेर येत. मदुरेकडे हा रोग फार दिसे म्हणून त्याला मदुरेचा पाय म्हणत. पण मदुरेच कशाला, जिथे अनवाणी पाय आणि काटे होते तिथे तो होताच. ते दाणे बुरशीचे आहेत असे कार्टरने १८६० च्या सुमारास लिहिले. पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून त्याने कित्येक वर्षे काढली, आणि १८७४ मध्ये ह्या रोगावरचा त्याचा मोठा ग्रंथ निघाला.

परंतु मला मोह पडतो तो एका वेगळ्याच गोष्टीचा. ही बुरशी कोणती हे ठरविण्यासाठी कार्टरचे नमुने विलायतेत माइल्स जोसेफ बर्कली ह्यांच्याकडे गेले. बर्कली हे खेड्यातले धर्मोपदेशक, आणि आयर्लंडचा बटाटा कशाने सडला, हे त्या काळी बुरशी समजल्या जाणाऱ्या एका जीवाकडे बोट दाखवून १८४६ साली सांगणारे गृहस्थ. म्हणजे आपल्याकडच्या कुळवाड्याच्या पायाचे निदान बटाट्याच्या वैद्याकडे गेले होते! बर्कलींनी त्या बुरशीला कार्टरचेच नाव दिले. ती बुरशी रोगाचे खरे कारण नव्हती, हे पुढे ठरले. खरी बुरशी विसाव्या शतकाच्या आरंभी ओळखली गेली. निदान चुकले, पण विचारण्याची जागा चुकली नव्हती. पुढे ते दारच बंद झाले.

डोळ्याच्या बाबतीत पहिली पक्की नोंद १८७९ ची, जर्मनीतल्या थिओडोर लेबर ह्या नेत्रवैद्याची. त्याचा रोगी शेतावरचा माणूस. मळणी यंत्रातून उडालेले ओटचे तूस डोळ्यात गेलेले. जखमेत ॲस्परजिलस नावाची बुरशी निघाली. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. देश निराळा, धान्य निराळे, यंत्र निराळे, आणि तरीही ती झोडणीच.

पण तोवर जंतूंचे युग सुरू झाले होते. पटकी, क्षय, प्लेग ह्यांनी वैद्यकीचे सारे लक्ष ओढून घेतले आणि बुरशी शेतकी खात्याच्या वाट्याला गेली. ही वाटणी एका माणसाच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. एडविन जॉन बटलर हा आयरिश तरुण १८९८ साली वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडला; नाडी मात्र त्याने धरली ती झाडांची. १९०१ साली तो सरकारी नोकरीत कलकत्त्याला आला, मग बिहारात पुशाला गेला, आणि हिंदुस्थानातल्या पीकरोगांच्या अभ्यासाचा पाया त्याने घातला. १९१० मध्ये तुरीच्या मर रोगावर लिहून त्याने त्या फ्युजेरियमला नाव दिले. १९१८ मध्ये त्याचा पीकरोगांवरचा ग्रंथ आला. डॉक्टर झालेला हा माणूस फ्युजेरियमला इतक्या जवळून ओळखत होता! तिच्या भाऊबंदांनी त्याच शेतांतल्या कापणाऱ्यांचे डोळे नेले असतील, ही कल्पना त्याच्या मनात आली असेल का? कादंबरीकार म्हणून मला ती आलेली दाखविता येईल. इतिहासात तसे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९४२ साली बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला आणि पुढल्या वर्षीच्या भीषण दुष्काळात त्याचाही हात होता. अर्थात लाखो माणसे मारायला एकटी बुरशी पुरी पडली नसती. युद्ध, साठेबाजी आणि सरकारची बेपर्वाई तिच्या मदतीला होती. तिच्या जातकुळीतल्या बुरश्याही पुढे माणसांच्या डोळ्यांत सापडल्या.

आणि १९४५ ! आमच्या भागातल्या माणसाला ह्या सालाजवळून मुकाट जाता येत नाही. त्या वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी गोदावरी परुळेकरांच्या पुढे हजारो वारली जमले, वेठ नाकारून उभे राहिले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे पडली. त्या लढ्यातली एक मुख्य मागणी गवतकापणीची होती : ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. मुंबईच्या तबेल्यांना जाणारे ते गवत. त्या अडीच रुपयांसाठी रक्त सांडले, आणि ती मागणी न्याय्य होती ह्याविषयी आज कुणी वाद घालणार नाही. पण ५०० पौंड गवत कापताना किती पाती डोळ्यांशी येतात, ह्याचा हिशेब मजुरीच्या कुठल्याच दरात कधी धरला गेला नाही. आजीही गवताला जात असे.

मग औषधांचा काळ आला, आणि ह्या कथेला पुन्हा महाराष्ट्राची माती लागली, तीही अगदी शब्दशः. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तिथे एम. जे. तिरुमलाचार नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे वनस्पतींवरच्या बुरश्यांचे अभ्यासक. पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन काढले. नावातली पहिली अक्षरे कारखान्याची, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी. हे माणसांच्या बुरशीवरचे औषध. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याच प्रयोगशाळेतून ऑरिओफंजिन निघाले. ते पिकांच्या बुरशीवरचे. बटलर जे दार ओलांडून एका बाजूला गेला ते तिरुमलाचारांनी दोन्ही बाजूंनी उघडे ठेवले, असे मला वाटते. आमच्या शाळांतून पिंपरीच्या पेनिसिलिनचे नाव क्वचित निघते. ह्या दोन औषधांचे कधीच नाही.

डोळ्याला शेवटी जे औषध लागू पडले ते मात्र दुसऱ्या मातीतले. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या मातीतून १९५५ साली डच संशोधकांनी नॅटामायसिन मिळविले. चीजवर बुरशी धरू नये म्हणून त्याच्या पोटालाही ते लावतात! अमेरिकेत डोळ्यांसाठी त्याला १९७८ मध्ये परवानगी मिळाली. पुढे महागडी नवी औषधे आली, तेव्हा मदुरेच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ३२३ रोग्यांवर तुलना करून पाहिली. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला : जुने नॅटामायसिनच सरस, विशेषतः फ्युजेरियमवर. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत १९९१ ते २००० ह्या दहा वर्षांत बुरशीने बिघडलेले तेराशेंहून अधिक डोळे नोंदले गेले होते, आणि त्यांत पहिला क्रमांक फ्युजेरियमचाच होता.

आमच्या घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्याही ह्यातून सुटलेल्या नाहीत. चिकू, आंबा, केळी ह्यांचे फळ देठापासून काळे पाडणारी लॅसिओडिप्लोडिया नावाची बुरशी आहे. कोकोच्या झाडावर प्रथम ओळखली म्हणून तिच्या नावात कोको. तीही डोळ्यात घर करते, हे १९७६ साली फ्लोरिडातल्या दोघा संशोधकांनी विस्ताराने मांडले. बागाईतदार ह्या रोगांवर फवारे मारतात, ते मारायलाच हवेत. पण फवाऱ्यांतल्या काही औषधांची आणि माणसांना देण्याच्या औषधांची जात एकच आहे. त्या जातीच्या औषधांना न जुमानणारे ॲस्परजिलस आपल्या देशातल्या मातीतही सापडल्याचे दिल्लीच्या संशोधकांनी २०१२ साली दाखविले. शेतकी खाते आणि दवाखाना बोलत नसले तरी बुरशी दोघांच्या बाटल्या चाखून पाहते आहे.

बटलर ज्या शहरात उतरला त्याच कलकत्त्याहून २०२३ साली एक वृत्त आले. ६१ वर्षांचे एक कवकशास्त्रज्ञ. आयुष्यभर कुजलेली पाने, भूछत्रे, बुरश्या हाताळलेली. आवाज बसला, खोकला लागला, गिळताना त्रास होऊ लागला. श्वासनळीशेजारच्या गळवात काँड्रोस्टेरियम पर्प्युरियम निघाली. ही बुरशी प्लमसारख्या झाडांची पाने चंदेरी पाडणारी. तोपर्यंत माणसात कधीच आढळली नव्हती. पू काढला, दोन महिने औषध दिले, आणि गृहस्थ बरे झाले. वर्तमानपत्रांनी ह्या बातमीचा मोठा गाजावाजा केला, आणि पहिलाच प्रकार म्हणून तो रास्तही होता. परंतु आमच्याकडे ज्या बुरश्या दर हंगामात डोळे नेतात, त्यांना बातमीचे भाग्य नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती ऐकून मला फार बरे वाटले होते. नेपाळात भक्तपूरला गावातल्याच आरोग्यसेवकांना साधे क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम देऊन शिकविले, की कुणाच्या डोळ्याला ओरखडा गेला तर त्याच दिवशी लावायला सुरुवात करा, दिवसातून तीनदा, तीन दिवस. ज्यांना अठरा तासांच्या आत हे मलम लागले त्यांच्यापैकी एकाचाही ओरखडा चिघळला नाही, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. मलम बुरशीवरचे नाही, जंतूंवरचे. बुरशी एकदा आत रुजली की त्याचा उपयोग नाही. मी डॉक्टरीणबाईंना हे विचारले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मलमाइतकंच महत्त्वाचं हे, की त्या गावात पहिल्या दिवशी कुणीतरी डोळा पाहिला." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि दुकानातले थेंब कुणी घातले नाहीत."

त्या मुलीच्या वडिलांचा डोळा अर्धामुर्धा राहिला. महिनाभर दर तासाला थेंब. रात्रीचे थेंब ती मुलगी मोबाइलचा गजर लावून घाली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगे. मी तिला पेंगू दिले. फूल पडलेच, पण बुबुळाच्या कडेला, त्यामुळे माणूस ओळखता येतो, विळा धरता येतो.

गेल्या कापणीला मी त्यांच्या शेतावर गेलो होतो. त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून प्लास्टिकचा एक पांढरा चष्मा पैदा केला होता. शेजारचे कापणारे हसत होते; 'साहेब आला, साहेब आला' असे चालले होते. घामाने काचा धुरकट होत, म्हणून दर थोड्या वेळाने ते कापणी थांबवून चष्मा काढीत, सदऱ्याला पुसत, पुन्हा लावीत. बांधावर मुलगी बसली होती. चष्मा काढला की ती लगेच ओरडे, "बाबा, डोळे मीट!" आणि ते डोळे मिटून चष्मा पुसत.